प्रणिता, तुझा हेवा

तू गेल्याचं मला बाबांनी सांगितलं.

बाबा ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाहीत. मराठीचे मास्तर म्हणून त्यांची हयात शाळेत गेली, आणि कामावर असलेल्या माणसाला घरच्यांनी छळू नये हा त्यांचा जुना दंडक आहे. त्यामुळे खराडीत डेस्कवर बसलेली असताना मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा मला वाटलं, बाथरूममध्ये पडले बहुतेक. मी घाईने फोन उचलला.

"अनघा, प्रणिता गेली."

"कुठे?" मी विचारलं.

खरंच विचारलं. पोट बरं नाही म्हणून तू दर्यापूरला आईकडे गेली आहेस, एवढं मला ठाऊक होतं. तिथून आणखी कुठे गेलीस असं वाटलं. फोनवर बाबांचा नुसता श्वास ऐकू आला, आणि मग कळलं. आता तुझ्याशी खरं बोलायला हरकत नाही म्हणून सांगते, कळल्यावर मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की बाबांना माझ्याआधी कसं कळलं?

बघ, म्हणजे त्या क्षणीसुद्धा.

तुझा हेवा मला तू टीममध्ये आलीस त्या आठवड्यापासून वाटत आला. आपलं काम बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड. आरोग्यविमा विकणाऱ्या एका कंपनीचा सगळा कारभार ज्या सर्व्हरवर चालतो, त्या सर्व्हरवर नजर ठेवायची, बस. राज्यभरातल्या इस्पितळांच्या काउंटरवरून विनंत्या येतात, की अमक्या पेशंटला आज घरी सोडतोय, बिल मंजूर करा. ती विनंती आपल्या सर्व्हरवर येते, तपासली जाते, उत्तर परत जातं. उत्तराला किती वेळ लागतोय, किती विनंत्या ताटकळल्यात, सर्व्हरची मेमरी किती भरत आलीय, हे आपल्या समोरच्या स्क्रीनवर रेघांमध्ये दिसतं. सगळं ठीक असेल तर हिरवं, बिघडलं की लाल. लाल झालं की सगळ्या मजल्याला आपली आठवण येते. हिरवं असेपर्यंत आपण जिवंत आहोत की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

तू यायच्या आधी त्या स्क्रीनसमोर माझी सत्ता होती. प्रत्येक गोष्टीची मर्यादा मी ठरवली होती, ती ओलांडली की मेल, मेसेज आणि फोन एकदम जायचे. माझे अलार्म चोख होते. तू आलीस आणि अलार्म वाजायच्या आधी खुर्ची पुढे ओढायला लागलीस. सगळं हिरवं असताना तुझ्या कपाळावर आठी यायची. मी विचारायचे, "काय झालं?" तू म्हणायचीस, "माहीत नाही. पण याचं काहीतरी बिनसून राहिलं आहे." आणि थोड्या वेळाने माझा अलार्म वाजायचा. तो वाजला की मला अलार्मचाच राग यायचा. उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा तो मला ओशाळवायचा.

लोक म्हणायचे, प्रणिताला उपजतच कळतं. मला हे वाक्य डाचायचं. पुस्तकं वाचून, परीक्षा देऊन मी जे शिकले ते कष्टाचं, आणि तुझं ते उपजत. पुढे शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं की उपजत वगैरे काही नव्हतं. मी सरासरी बघायचे आणि तू ती कधीच बघायची नाहीस. विनंत्यांना सरासरी किती वेळ लागतोय, यावर माझं सगळं दुकान चाललेलं. तू मात्र ज्यांना सगळ्यात जास्त वेळ लागलाय अशा विनंत्या काढून त्या एकेक वाचत बसायचीस.

"सरासरीला काय विचारून राहिली तू?" एकदा म्हणालीस. "ज्याचं अडकलं आहे त्याला विचार न."

"इतक्या विनंत्यांत एखादी अडकणारच."

"ज्याची अडकली त्याच्यासाठी ती एकच आहे न पण."

मी म्हणाले, "प्रवचन छान आहे. तिकीट किती?" तू मनापासून हसलीस. पुणेरी टोमणा मारल्यावर समोरचा हसला की मारणाऱ्याची पंचाईत होते. तुझ्यामुळे माझे कितीतरी चांगले टोमणे वाया गेले.

पण आपलं खरं भांडण वेगळं होतं, आणि ते तू अर्धवट टाकून गेलीस. सर्व्हर गुदमरायला लागला, विनंत्या तुंबल्या, की माझं उत्तर एकच असायचं. तो बंद करा, पुन्हा चालू करा. रीस्टार्ट केला की तो ताजातवाना होतो, तुंबलेली माणसं वाटेला लागतात, कारण काय ते मागाहून शोधू. तुझं म्हणणं उलटं. बंद केला की सगळा पुरावा पुसला जातो. कुठलं काम नेमकं कुठे अडकलंय, कोण कुणाची वाट बघतंय, हे तो गुदमरलेला असतानाच टिपून घ्यायला हवं. आणि ते टिपायला वेळ लागतो. तेवढा वेळ इस्पितळातल्या माणसांनी थांबायचं. यावर आपण किती वेळा एकमेकींवर आवाज चढवला असेल! "थांब न जराशी," हे तुझं पालुपद. "आपल्याला काय, एसीत बसून थांबायचं आहे," हे माझं.

ती दिवाळीनंतरची सकाळ आठवते? सुट्ट्या संपलेल्या, इस्पितळांतून घरी जायला निघालेल्यांची ही गर्दी. एक सर्व्हर लाल झाला, मग दुसरा. आदल्या आठवड्यात असंच झालं होतं, आणि रीस्टार्ट करून आपण वेळ मारून नेली होती. आपले मॅनेजर विनायक सर फोन कानाला लावून मागे येऊन उभे राहिले. पलीकडे विमा कंपनीचा माणूस ओरडत होता, ते आपल्यालाही ऐकू येत होतं.

"अनघा, रीस्टार्ट," सर म्हणाले.

माझा हात कीबोर्डवर होता. तू तुझा हात माझ्या मनगटावर ठेवलास. धरलं नाहीस, नुसता ठेवलास.

"थांब न जराशी. आज याला पाहू दे मला."

"प्रणिता, तिकडे लोक खोळंबलेत."

"मागच्या आठवड्यातही खोळंबले होते. उद्याही खोळंबतील. मला एकदा पाहू दे."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तू तोवर कामाला लागली होतीस. तुझा चेहरा तेव्हा कसा व्हायचा हे तुला कुणी सांगितलंय का? बाळाला ताप आलाय आणि त्याला बोलता येत नाही, अशा वेळी आई जशी बघते तशी तू त्या ओळींकडे बघायचीस. आणि तू शोधलंसच. डेटाबेसशी बोलायला सर्व्हरकडे मोजक्याच वाटा असतात. एका कामाने वाट घ्यायची, वापरायची, परत करायची. नुकत्याच बदललेल्या एका प्रोग्राममध्ये, इस्पितळाने पाठवलेला कागद नीट उघडला नाही की घेतलेली वाट परतच होत नव्हती. सकाळपासून असे कागद येत होते, एकेक वाट अडत होती, आणि शेवटी एकही उरत नव्हती. माझ्या रीस्टार्टने त्या तात्पुरत्या मोकळ्या व्हायच्या, एवढंच.

प्रोग्राम दुरुस्त झाला. तो त्रास परत उद्भवला नाही. विनायक सरांनी सगळ्यांसमोर तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जोरात. तू माझ्याकडे पाहिलंस आणि हळूच विचारलंस, "जळून राहिली काय गं?"

"छे," मी म्हणाले.

"जळ न थोडीशी. मला बरं वाटते."

एखाद्याला आपला हेवा दिसावा आणि त्याने तो असा हातात घेऊन, उलटसुलट करून, हसून परत द्यावा! यावर काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तू नेहमी बरोबर असायचीस असंही नाही, आणि हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण शोकसभेत कुणी म्हणालं नाही. उन्हाळ्यात एकदा असाच सर्व्हर अडला आणि तू थांब म्हणालीस. आपण थांबलो. तुला काही सापडेना. तू आणखी थांब म्हणालीस. शेवटी मी म्हणाले, "आता पुरे," आणि रीस्टार्ट केला. सगळं सुरळीत झालं. नंतर कितीही शोधलं तरी कारण सापडलं नाही, आणि तसं परत कधी झालंही नाही. म्हणजे तेवढी माणसं तू उगीच ताटकळत ठेवलीस. मी आठवडाभर खुशीत होते. तू दुपारी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवलास आणि म्हणालीस, "आज तू बरोबर होती. मी चुकले." बस. ना सबब, ना पडलेला चेहरा. तेव्हा मला तुझा जितका हेवा वाटला तितका टाळ्यांच्या वेळीही वाटला नव्हता. मी बरोबर असतानासुद्धा मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, जितकी तू चुकल्यावर दिसत होतीस.

मग टीम लीडची जागा निघाली. ती मला मिळाली. घरी जाताना मी बाबांसाठी बाकरवडी घेतली, स्वतःवर खूश होते. दुसऱ्या दिवशी विनायक सर लिफ्टमध्ये सहज बोलून गेले, "आधी प्रणिताला विचारलं होतं. ती नको म्हणाली." मी तुला गाठलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं त्यात? मला माणसं नाही सांभाळता येत. मला सर्व्हर पाहू दे. तू चांगली सांभाळशील."

तुला खरंच तसं वाटत होतं. त्यात मोठेपणा दाखवायचा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं, चार दिवस अबोला धरून मोकळी झाले असते. त्यानंतर कागदोपत्री मी तुझी साहेब होते, तुझ्या रजा मी मंजूर करायचे, आणि मनातल्या मनात रोज तुझ्या मागे उभी असायचे.

हे सगळं ऑफिसातच राहिलं असतं तर बरं होतं. पण मी तुला घरी आणलं. चूक म्हणत नाही, पण हे घडलं माझ्याच हाताने. खराडीत एकटी भाड्याने राहतेस, डब्याचं जेवण जेवतेस, म्हणून एका रविवारी कोथरूडला बोलावलं. मी आमटी करत होते. तू स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, "सांबार आहे काय गं घरी?"

मी म्हणाले, "सांबार नाही, आमटी केलीय."

"आमटीत टाकायला म्हणते मी."

"आमटीत सांबार कशाला टाकायचं?"

आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाहेर बाबा पेपर वाचत होते, ते हसायला लागले. तुमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. ते असे हसले की त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आई गेल्यापासून बाबा हसतात म्हणजे नाकातून हुं करतात. मी गॅस बारीक करून त्यांच्याकडे बघत राहिले. मी त्यांच्यासाठी काय काय केलं होतं, फिरायला नेलं, नवा टीव्ही आणला, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना जेवायला बोलावलं. आणि तू एक कोथिंबीर मागितलीस.

पुढे तू दर रविवारी यायला लागलीस. खराडीहून कोथरूड, सगळं पुणं आडवं कापून, तुझ्या त्या खडखडणाऱ्या स्कूटरवर. मला वाटायचं माझ्यासाठी येतेस. मग लक्षात आलं की मी स्वयंपाकघरात असते आणि तुम्ही दोघं गॅलरीत. 'मी केलेलं आहे' म्हणाले तरी "केलंय म्हण, अनघा" असं लहानपणापासून माझी भाषा तासणारे बाबा तुझं 'काहून' आणि 'करून राहिली' चवीने ऐकायचे. शब्द विचारून घ्यायचे. एकदा न राहवून मी म्हणाले, "मी असं बोलले असते तर?"

"तू बोललीस तर ती नक्कल होईल," बाबा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

तुझ्या जागी मी असते तर तेव्हा गालातल्या गालात हसले असते. तू उठून आत आलीस आणि काही न बोलता पोळ्या लाटायला घेतल्यास. तुझ्या पोळ्या माझ्यापेक्षा वाईट व्हायच्या. तेवढं एक होतं.

यंदाच्या पावसाळ्यात तू घरून काम करायची परवानगी मागितलीस. "ॲसिडिटी आहे," म्हणालीस. मी दिली. मग रजा मागितलीस, तीही दिली. "डॉक्टरांना नीट दाखव, मी माझ्या ओळखीच्यांची वेळ घेऊ का?" असं विचारलं, तर "पाहते," म्हणालीस. रविवारी यायचीस, पण कमी जेवायचीस. वाळलीस म्हणाले तर म्हणालीस, "काहून, चांगली नाही दिसून राहिली काय?" मग दर्यापूरला गेलीस. फोनवर तुझा आवाज बारीक यायचा, मी रेंजला दोष द्यायचे. दिवसभर मशीनचा श्वास मोजणारी मी, आणि तुझ्या आवाजाला रेंज कमी पडते असं समजत राहिले.

तुझ्या भावाने बाबांना फोन केला होता. तुझ्या मोबाइलमध्ये 'सर, कोथरूड' असं नाव होतं, आणि सरांना कळवायचं हे तू त्याला सांगून ठेवलं होतंस. त्या संध्याकाळी घरी आले तर बाबा गॅलरीत बसले होते. दिवा लावला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"होतं."

"काय होतं तिला?"

"कर्करोग. स्वादुपिंडाचा. कळला तेव्हाच उशीर झाला होता."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तिने शब्द घेतला होता."

"मी तिची मैत्रीण होते, बाबा. तुमच्या आधीपासून."

बाबा म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी चार डॉक्टर उभे केले असतेस. मुंबईला नेलं असतंस. रात्रंदिवस धावली असतीस. तिचे उपचार चालू होते, अनघा. त्यात काही कमी नव्हतं. तिला आठवड्यातून एकदा अशा जागी बसायचं होतं, जिथे कुणी काही करायला उठत नाही."

"आणि ती जागा तुम्ही."

"मला गुडघ्यांमुळे उठताच येत नाही," बाबा म्हणाले. त्यांना विनोद करायचा होता की नाही कोण जाणे. त्यांचा आवाज फुटला.

मी त्यांच्याशी बरेच दिवस धड बोलले नाही. जेवायला वाढायचे आणि आत निघून जायचे. तुझ्यावर रागावायची सोय नव्हती, म्हणून त्यांच्यावर रागावले. आणि तो नुसता राग असता तर एक वेळ चाललं असतं. इतकी वर्षं बाबांवरून मला तुझा हेवा वाटत होता. आता तुझ्यावरून बाबांचा वाटायला लागला. माझ्याच गॅलरीत, माझ्याच हातचा चहा पीत, तुम्ही दोघं मरणाबद्दल बोलत होतात आणि मी आतून विचारत होते, साखर बरोबर आहे ना.

ऑफिसात तुझी शोकसभा झाली. मोठ्या स्क्रीनवर तुझा फोटो लावला होता, लोणावळ्याच्या सहलीतला. तो आपल्या दोघींचा आहे. त्यांनी मला कापलं. तुझ्या डाव्या खांद्यावर जी बोटं दिसत होती ती माझी, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकेक जण उठून बोलला. कुणाला तू नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांभाळून घेतलं होतंस, कुणाच्या बायकोच्या बाळंतपणात सुट्टी बदलून दिली होतीस. प्रत्येकाकडे तुझा एक वेगळा तुकडा होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की तोच खरा. मला उठून सांगावंसं वाटलं की बसा खाली, तुम्हाला काय माहीत. पण मला तरी काय माहीत होतं? माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "ती माझी सहकारी होती," आणि खाली बसले. विनायक सरांनी मला पाणी दिलं.

मग तुझी आई आली. भावाबरोबर, तुझी खोली रिकामी करायला. मी बाबांना काही न सांगता गेले. खोलीत सामान असं फार नव्हतंच. त्यांनी मला पलंगावर बसवलं, स्वतः खाली बसल्या, किती सांगितलं तरी वर बसेनात.

"तुम्ही ऑफिसातल्या काय?"

"हो. मी अनघा."

मी थांबले. माझं नाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलेल असं वाटलं होतं. 'अगं, तूच का ती' असं काहीतरी. त्या नुसत्या म्हणाल्या, "बरं बरं. चहा घेता न?"

चहा घेताना त्यांनी विचारलं, "कोथरूडचे एक सर आहेत, त्यांना ओळखता तुम्ही?"

"माझे वडील आहेत."

"असं काय!" त्या उठून जवळ आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले. "मंग तुम्ही सरची पोरगी होय! आधी नाही सांगतलं! लय नाव घ्यायची ती त्यांचं."

झालं. तिथेही मी बाबांची मुलगी म्हणून. मी हसले, प्रणिता. तुझ्या रिकाम्या खोलीत बसून, तुझ्या आईच्या हातात हात देऊन मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. त्या दोन्हीत त्यांना फक्त रडणं दिसलं. त्यांनी पदराने माझा चेहरा पुसला.

मग त्या म्हणाल्या, "एक विचारू काय? ती काय काम करत होती हो तिथं? मले कधी समजलंच नाही. विचारलं तर म्हणे, आई, काही नाही, मशीन पाहत राहतो."

मी सांगितलं. दवाखान्यातून माणूस घरी जायला निघतो तिथपासून सुरू केलं. त्याच्या बिलाची मंजुरी कशी येते, ती अडली की तो कसा कपडे करून पलंगावर बसून राहतो. ती अडू नये म्हणून प्रणिता बसायची, म्हटलं. दिवाळीनंतरची ती सकाळ सांगितली. माझ्या मनगटावरचा तुझा हात सांगितला. तुझ्यासारखं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही, असं म्हणाले. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नव्हते आणि शोकसभेतही म्हणू शकले नव्हते. तुझ्या आईला म्हणाले, कारण त्यांना ते हवं होतं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा तुझी स्तुती करताना मला आतून काही टोचलं नाही.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आम्हीही थांबलो होतो न. नागपूरले दवाखान्यात पहिल्यांदा नेलं होतं तिले, घरी सोडलं त्या दिवशी. विम्याचं काही येऊन नाही राहिलं होतं. पोरगा माहा चिडला, काउंटरवर भांडून आला. तर हे पोरगी पलंगावर बसून हसते. म्हणे, दादा, चिडू नको. आपलंच ऑफिस आहे ते. तिथं एक तापट बाई बसली आहे, ती कोणाले जास्त वेळ थांबू देत नाही. आता होते पाहा म्हणे."

"मग?"

"झालं न. थोड्याच वेळात आलं."

तो दिवस कुठला असेल ते मला ठाऊक नाही. मी असे कितीतरी दिवस रीस्टार्टचं बटण दाबलंय. त्यांतल्या एका दिवशी पलीकडे तू बसली होतीस, घरी जायची वाट बघत, आणि तू थांब म्हणाली नाहीस.

"ती मीच," मी म्हणाले. "ती तापट बाई."

तुझ्या आईने मला नीट न्याहाळलं. "नाही वाटत तशा," म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

संध्याकाळी घरी आले. इतक्या दिवसांनी मी बाबांच्या शेजारी गॅलरीत जाऊन बसले. त्यांना कळलं होतं मी कुठे गेले होते. त्यांना सगळं कळतं.

"काय म्हणाल्या तिच्या आई?"

"तुमची चौकशी केली."

"आणखी?"

"आणखी काही नाही. चहा दिला."

"एवढा वेळ नुसता चहा?"

"हो."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ठाऊक आहे की मी काहीतरी राखून ठेवलंय, आणि विचारायला त्यांना तोंड नाही. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. प्रणिता, मी सांगणार नाही. तुझं एक काहीतरी आता माझ्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही. जळू देत थोडेसे. मला बरं वाटतंय.